धूर गेला कोठे?

मालवणच्या किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होतो, होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात, आणि थोड्याच दिवसांत मुंबईचे चाकरमानी गणपतीसाठी गावी येऊ लागतात. कुडाळ स्थानकात आगगाडी थांबली की त्यांना घरोघर पोचविणाऱ्या मोटारी बाहेर रांगेने उभ्या असतात. अशीच एक मोटार चालवून संसार करणारे एक गृहस्थ मालवणात राहत होते. त्यांची जुनी गाडी आता थकली होती. वर्षानुवर्षे गाठीस बांधलेली पुंजी नव्या गाडीत घालावयाची होती. म्हणून एके दिवशी सायंकाळी घरातील सर्व मंडळी ओटीवर विचार करीत बसली.

"आबा, या खेपेस विजेची गाडी घ्यावी असे माझ्या मनात आहे," ते आपल्या वृद्ध वडिलांना म्हणाले. "तिला पेट्रोल नको. आवाज नाही आणि धूरही नाही."

त्यांची मुलगी सातवीत शिकत होती. ती लगेच म्हणाली, "बाबा, हायड्रोजन वायूवर चालणारीही गाडी असते. तिच्यातून धुराच्या ऐवजी नुसते पाणी बाहेर पडते. मग तीच का घेऊ नये?"

आजोबांचे सारे आयुष्य समुद्रावर मासेमारी करण्यात गेले होते. डोळ्यांना दिसत नाही ते पाण्याखाली असतेच, हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्यांनी क्षणभर विचार केला आणि आपल्या मालवणी बोलीत विचारले, "गाडी धूर सोडणा नाय म्हणतंस, मगे तो धूर गेलो खंय?"

मुलांनो, आजोबांचा प्रश्न साधा आहे. परंतु मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही याच प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते. चला, आज आपणही त्या धुराचा माग काढू.

विजेवर चालणारे वाहन ही काही अगदी नवी गोष्ट नव्हे. सन १९०० च्या सुमारास अमेरिकेत धावणाऱ्या मोटारींपैकी जवळजवळ एक तृतीयांश मोटारी विजेच्या होत्या. आपल्या मुंबईत ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ पर्यंत ती धावत होती. कामधंद्यासाठी मुंबईस गेलेल्या कितीतरी कोकणी माणसांनी तिच्यातून प्रवास केला असेल. ट्रामला धुराडे नव्हते. परंतु तिला लागणारी वीज आरंभी कोळसा जाळूनच निर्माण होई. म्हणजे धुराडे होते. फक्त ते ट्रामवर नसून विद्युत्‌गृहावर होते! पुढे १९१५ साली खोपोली येथे घाटावरून उतरणाऱ्या पाण्याच्या बळावर वीज निर्माण होऊ लागली व ती मुंबईस मिळू लागली. तारेतून येणारी वीज दोन्ही वेळी सारखीच. तिचा उगम मात्र निराळा.

आजही हीच गोष्ट खरी आहे. मालवणातील घरात दिवा लागतो, तेव्हा त्याची वीज कोठून येते? राज्यातील व देशातील विद्युत्‌केंद्रे तारांच्या एकाच विशाल जाळ्याने जोडलेली आहेत. त्या जाळ्यात कोयनेची वीज येते. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणाच्या बाजूस उतरते, आणि तेथील जलविद्युत् प्रकल्पाची शक्ती १,९६० मेगावॅट आहे. दोडामार्ग तालुक्यातील तिलारीची, डोंगरमाथ्यावरच्या पवनचक्क्यांची आणि सौर तबकड्यांची वीजही त्यातच मिसळते. परंतु त्याच जाळ्यात चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्रही आहे. तेथे रात्रंदिवस कोळसा जळत असतो. साऱ्या देशाचा हिशेब केला, तर निर्माण होणाऱ्या विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश वीज अजून कोळशापासून मिळते. अनेक नद्यांचे पाणी समुद्रास मिळाल्यावर त्यातील एका नदीचे पाणी जसे वेगळे काढता येत नाही, तशीच या विजेची गत आहे.

तेव्हा आजोबांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे की, मालवणच्या रस्त्यावरचा धूर उठून चंद्रपुरास गेला.

मग विजेच्या गाडीचा लाभ काहीच नाही काय? असे म्हणण्याची घाई आपण करू नये. आधी थोडे गणित करू. कोळसा वा पेट्रोल जळाले की कार्बन डायऑक्साइड वायू निर्माण होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. परंतु तो वातावरणात साठून राहतो व पृथ्वीचे तापमान वाढवितो. समुद्राची पातळी वाढण्याचे तेही एक कारण आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना तर या वायूचा हिशेब ठेवणे विशेष अगत्याचे आहे.

एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पेट्रोलची एक साधी मोटार १०० किलोमीटर जाण्यास सुमारे साडेसहा लिटर पेट्रोल पिते असे धरू. म्हणजे तिने सुमारे १५ किलो वायू सोडला. तेवढ्याच अंतरासाठी विजेच्या मोटारीला, बॅटरी भरताना वाया जाणारी वीज धरून, सुमारे १७ युनिट वीज लागते. आपल्या देशात एक युनिट वीज निर्माण होताना सरासरीने सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. १७ ला ०.७ ने गुणले की उत्तर येते सुमारे १२ किलो. याखेरीज खनिज तेल विहिरीतून काढणे, शुद्ध करणे व टँकरने पंपावर आणणे, तसेच कोळसा खणून वाहून नेणे, यांतही वायू निर्माण होतो. तो दोन्हीकडे धरावा लागेल.

पंधरा आणि बारा! अंतर फार मोठे नाही, पण आहे. कोळशाची वीज वापरूनही विजेची गाडी थोडी सरस का ठरते? कारण पेट्रोलच्या इंजिनात इंधनाच्या शक्तीचा बहुतेक भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. चाकांपर्यंत सुमारे चौथा हिस्साच पोचतो. विजेच्या गाडीत बॅटरीतील शक्तीचा फार मोठा भाग चाकांना मिळतो. शिवाय फोंडा घाट उतरताना गाडीचे यंत्र उलट काम करून थोडी वीज पुन्हा बॅटरीत भरते. पेट्रोलची गाडी कितीही घाट उतरली, तरी तिच्या टाकीत एक थेंबही वाढत नाही!

आणखी एक भेद ध्यानात घ्या. पेट्रोलच्या गाडीचा धूर आज जितका आहे तितकाच राहणार. विजेच्या गाडीचे तसे नाही. देशात सूर्याची, वाऱ्याची व पाण्याची वीज जसजशी वाढेल, तसतशी तीच जुनी विजेची गाडी अधिकाधिक स्वच्छ होत जाईल.

आता मुलीने सुचविलेल्या हायड्रोजनच्या गाडीकडे वळू. हायड्रोजन हा सर्वांत हलका वायू. १८३९ मध्ये सर विल्यम ग्रोव्ह या शास्त्रज्ञाने हायड्रोजन व प्राणवायू यांच्या संयोगातून वीज मिळविता येते असे दाखविले. ज्या उपकरणात हे घडते त्यास इंधनघट म्हणतात. हायड्रोजनच्या गाडीत असा इंधनघट असतो. त्यात वीज निर्माण होते, गाडी चालते आणि मागे केवळ पाणी उरते. टाकी अवघ्या पाच-सात मिनिटांत भरते, आणि एक किलो हायड्रोजनवर गाडी सुमारे १०० किलोमीटर जाते. ऐकून कोणासही मोह पडावा!

परंतु हायड्रोजनची खाण कोठेही सहजासहजी सापडत नाही. तो पाण्यात किंवा नैसर्गिक वायूत दुसऱ्या द्रव्यांशी घट्ट जोडलेला असतो. त्याला तेथून सोडवावे लागते. कोकणाला हे काम अपरिचित नाही. अलिबागजवळ थळ येथे खताचा मोठा कारखाना आहे. तेथे अमोनिया तयार करण्यासाठी नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढतात. जगातील बहुतेक हायड्रोजन आज नैसर्गिक वायू व कोळसा यांपासूनच मिळतो. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन मिळविताना सुमारे १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

दुसरा मार्ग पाण्याचे विघटन करण्याचा. एक किलो हायड्रोजन मिळविण्यास निदान नऊ लिटर शुद्ध पाणी आणि सुमारे ५५ युनिट वीज लागते. समुद्र समोर असला, तरी खारे पाणी आधी गोडे करून घ्यावे लागते. आता ही ५५ युनिट वीज आपल्या तारांच्या जाळ्यातून घेतली तर? ५५ ला ०.७ ने गुणा. सुमारे ३८ किलो! पेट्रोलच्या मोटारीच्या दुपटीहूनही अधिक. गाडीच्या मागे शुद्ध पाण्याचे थेंब पडत असतील, पण दूर कोठेतरी धुराडे भडभडून ओकत असेल.

समजा, ती वीज सूर्यापासून घेतली. मग धूर उरणार नाही, हे खरे. परंतु दुसरा प्रश्न उभा राहतो. त्याच ५५ युनिटांनी थेट बॅटरी भरली, तर विजेची गाडी तीनशेहून अधिक किलोमीटर जाईल. मालवणहून निघालेली हायड्रोजनची गाडी कोल्हापूरच्या अलीकडेच थांबेल. विजेची गाडी सातारा मागे टाकील. असे का व्हावे? विजेपासून हायड्रोजन, मग तो दाबून टाकीत भरणे, मग हायड्रोजनपासून पुन्हा वीज, अशा प्रत्येक पायरीवर शक्ती सांडत जाते. विहिरीतले पाणी एका कळशीतून दुसरीत व दुसरीतून तिसरीत ओतीत घरी न्यावे, तसाच हा प्रकार.

हायड्रोजन साठविणेही सोपे नव्हे. साध्या दाबाखाली एक किलो हायड्रोजनला सुमारे बारा घनमीटर जागा लागते. म्हणजे जवळजवळ एक लहानशी खोलीच! म्हणून मोटारीच्या टाकीत तो हवेच्या दाबाच्या सुमारे सातशे पट दाबाने कोंडावा लागतो. त्यासाठी टाकी फार मजबूत हवी आणि भरण्याचे केंद्रही खर्चिक होते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात असे केंद्र नाही. इंधनच मिळणार नसेल, तर गाडी कितीही सुरेख असली तरी ती दारात शोभेपुरतीच उरेल.

म्हणून हायड्रोजन निरुपयोगी आहे, असे मात्र समजू नका. पोलाद व खते यांच्या कारखान्यांत आणि मोठ्या जहाजांत निव्वळ बॅटरीने काम भागत नाही. तेथे स्वच्छ रीतीने मिळविलेला हायड्रोजन मोलाचा ठरेल. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली, ती याच विचाराने. पुण्यातही आपल्या शास्त्रज्ञांनी हायड्रोजनच्या इंधनघटावर चालणारी बस तयार केली. ती ऑगस्ट २०२२ मध्ये लोकांसमोर आली. प्रत्येक साधनाचे एक योग्य स्थान असते, इतकाच याचा अर्थ. होडी समुद्रात शोभते. ती शेतात ओढून नेण्यात शहाणपण नाही.

विजेच्या गाडीच्याही काही उणिवा आहेत, त्या लपविणे योग्य नाही. तिची बॅटरी लिथियम, निकेल, कोबाल्ट अशा द्रव्यांची असते. ती खाणींतून काढावी लागतात. जगातील कोबाल्टचा बहुतांश भाग आफ्रिकेतील काँगो देशातून येतो, आणि तेथील काही खाणींत तुमच्याच वयाची मुले राबताना आढळली आहेत. अलीकडे लोह व फॉस्फेट यांच्या बॅटऱ्या निघाल्या आहेत. त्यांना कोबाल्ट लागत नाही, ही समाधानाची गोष्ट होय. बॅटरी तयार करतानाही बराच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणून नवी विजेची गाडी कारखान्यातून निघते ती डोक्यावर थोडे कर्ज घेऊनच. कित्येक हजार किलोमीटर चालल्यावर ते कर्ज फिटते. वीज जितकी स्वच्छ, तितके ते लवकर फिटते. बॅटरी निकामी झाल्यावर ती उकिरड्यावर न टाकता तिच्यातील द्रव्ये पुन्हा काढून घेणे हेही आपले कर्तव्य आहे.

शिवाय कोकणची हवा आणि पाऊस यांचाही विचार केला पाहिजे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यावरून गेले, तेव्हा झाडे व विजेचे खांब उन्मळून पडले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी विजेची गाडी कशी भरणार? ही अडचण खरीच आहे. मात्र पेट्रोलचा पंपही विजेवरच चालतो, हे विसरू नये.

तर मग विजेचे वाहन व्यवहारात उपयोगी पडते की नाही? ज्याचा मार्ग ठरलेला, पल्ला मर्यादित आणि मुक्कामाची जागा निश्चित, त्याला ते चांगले उपयोगी पडते. केरळात वैकम येथे २०१७ पासून 'आदित्य' नावाची नौका सूर्याच्या विजेवर उतारूंची ने-आण करीत आली आहे. तिचा पल्ला लहान आणि ठरलेला आहे. आपल्या एस. टी. ची पहिली बस १ जून १९४८ रोजी अहमदनगर ते पुणे या मार्गावर धावली होती. अहमदनगर म्हणजे आजचे अहिल्यानगर. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी 'शिवाई' ही विजेची बस सुरू झाली. आणि कोकण रेल्वे? रोह्यापासून ठोकूरपर्यंतच्या तिच्या ७४१ किलोमीटर मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण होऊन २० जून २०२२ रोजी त्याचे लोकार्पण झाले. आगगाडी तारेतून थेट वीज घेते. तिला बॅटरीचे ओझे वाहावे लागत नाही. एकाच गाडीतून शेकडो माणसे जातात. त्यामुळे प्रत्येक माणसाच्या वाट्यास येणारा धूर मोटारीच्या मानाने फार थोडा असतो.

आता पुन्हा मालवणच्या त्या ओटीवर जाऊ. मालवणपासून कुडाळ सुमारे २८ किलोमीटर. दिवसात दोन फेऱ्या म्हणजे ११२ किलोमीटर. त्यासाठी सुमारे १९ युनिट वीज हवी. घरच्या जोडणीवर सहा-सात तासांत, म्हणजे रात्रीत, बॅटरी भरेल. मुलीने हा सारा हिशेब पाटीवर मांडला. मग ती म्हणाली, "छपरावर तीन किलोवॅटच्या सौर तबकड्या बसविल्या, तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी सुमारे बारा युनिट वीज मिळेल."

"आणि पावसाळ्यात?" आजोबांनी विचारले.

"पावसाळ्यात फार थोडी मिळेल, आजोबा. आणि गाडी रात्री भरायची, तेव्हा सूर्य नसणारच. दिवसाची वीज आपण तारेत सोडू आणि रात्री तारेतून परत घेऊ. पण रात्रीच्या विजेत कोळशाचाच भाग जास्त असणार."

आपल्या सोयीचे तेवढेच न सांगता मुलीने गैरसोयीचेही सांगितले, याचे आजोबांना समाधान वाटले. ते हसून म्हणाले, "म्हणजे धूर कमी झालो, पण सगळो गेलो नाय."

वडिलांनी शेवटी विजेची गाडी घेतली. लांबच्या वाटेचे उतारू मात्र आपण घेणार नाही, त्यांनी एस. टी. ने किंवा रेल्वेने जावे, असे त्यांनी ठरविले. सौर तबकड्यांसाठी पैसे साठविण्यास त्यांनी पुढच्या वर्षीपासून आरंभ करावयाचा होता.

गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी कुडाळ स्थानकावर एक चाकरमानी कुटुंब त्या गाडीत बसले. मुलगीही वडिलांबरोबर गेली होती. गाडी मुकाट्याने चालू लागली, तेव्हा उतारू कौतुकाने म्हणाले, "वा! तुमची गाडी मुळीच धूर सोडत नाही वाटते?"

"सोडते की," मुलगी शांतपणे म्हणाली, "पण पूर्वीपेक्षा थोडा, आणि येथे नाही, चंद्रपूरला. तो आणखी कमी कसा करावा, तेवढे शोधायचे अजून राहिले आहे."

शब्दार्थ

पुंजी – साठविलेले धन. उगम – जेथून आरंभ होतो ते ठिकाण. औष्णिक – उष्णतेपासून होणारे. अगत्याचे – अतिशय आवश्यक. विघटन – घटक वेगळे करणे. पल्ला – जाण्याचे अंतर. उतारू – प्रवासी. लोकार्पण – लोकांच्या उपयोगासाठी खुले करणे.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) ट्रामचे धुराडे कोठे होते, असे लेखात म्हटले आहे? का?
(आ) कोळशाची वीज वापरूनही विजेची गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा थोडी सरस का ठरते?
(इ) हायड्रोजन कोणकोणत्या दोन मार्गांनी मिळवितात? प्रत्येकाची अडचण सांगा.

२. कारणे द्या.
(अ) नवी विजेची गाडी डोक्यावर कर्ज घेऊन निघते.
(आ) आगगाडीतील प्रवाशाच्या वाट्यास थोडा धूर येतो.

३. कळशीचा व होडीचा दाखला लेखकाने कोणती गोष्ट पटवून देण्यासाठी दिला आहे, ते आपल्या शब्दांत लिहा.

४. आजोबांची मालवणी बोलीतील वाक्ये प्रमाण मराठीत लिहा. आपल्या घरच्या बोलीतही ती सांगून पाहा.

५. घरातील विजेच्या बिलावरून एका महिन्यात किती युनिट वीज खर्च झाली ते पाहा. त्यामुळे सुमारे किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, याचा हिशेब करा व तो कमी करण्याचे तीन उपाय लिहा.